काळ्या पट्ट्याच्या खाली आणि वर : मुंबईकरांसाठी क्रिटेशस कोळशाचे थर वाचण्याची सुरुवात

मुंबईच्या जमिनीत दगडी कोळसा नाही. पायाखाली आहे तो काळा कातळ, म्हणजे थिजलेला लाव्हा. तरीही कोळशाचे थर ओळखायला कुठून सुरुवात करू, असं विचारणारे इथे भेटत राहतात: कॉलेजात नुकतंच भूशास्त्र घेतलेली मुलं, सह्याद्रीत भटकणारे, निवृत्तीनंतर दगडांच्या नादी लागलेले एखादे काका. त्यांच्यासाठी हे लिहितोय. यातली बहुतेक तयारी लोकलच्या पासावर होते, कच्छची गाडी शेवटच्या पायरीला पकडायची आहे.

सगळ्या पायऱ्यांमागे एकच गोष्ट आहे. कोळशाचा थर समजून घ्यायचा असेल तर कोळशाकडे सगळ्यात शेवटी बघा. तो कशावर बसला आहे ते आधी पाहा, मग त्याच्यावर काय येऊन बसलं आहे ते पाहा. खाणीच्या बोलीत हे तळ आणि छत. कोळसा म्हणजे फक्त 'इथे दलदल होती' एवढी बातमी. ती का झाली आणि कशाने बुडाली, हे तळ आणि छत सांगतात.

आधी काळाचा घोळ मिटवा

क्रिटेशस कालखंड साधारण १४.५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपला. डायनासोरांचा शेवटचा काळ तो हाच. महाराष्ट्रात कोळसा म्हटलं की चंद्रपूर, वणी, उमरेड डोळ्यांपुढे येतात, पण तो कोळसा क्रिटेशस नव्हे. तो गोंडवन या प्राचीन महाखंडाचा, पर्मियन काळातला, २५ कोटी वर्षांहून जुना, ग्लॉसोप्टेरिस नावाच्या नामशेष झाडांच्या जंगलातला. उलट कच्छमधल्या पानंध्रोचा लिग्नाइट, म्हणजे कोवळा तपकिरी कोळसा, इओसीन काळातला, म्हणजे क्रिटेशस संपून कोटीभराहून जास्त वर्षं गेल्यावरचा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याखाली सापडणारा लिग्नाइट त्याहूनही अलीकडचा. क्रिटेशस या दोन टोकांच्या मध्ये येतो, आणि भारतात त्याच्या वाट्याला कोळसा फारच थोडा आला आहे.

ही कसर उत्तर अमेरिकेने भरून काढली. त्या काळी समुद्राची पातळी उंच होती आणि एका उथळ समुद्राने त्या खंडाचे उभे दोन भाग केले होते. पश्चिमेच्या डोंगरांतून नद्या गाळ आणत आणि त्या समुद्राच्या काठाकाठाने दलदली पसरलेल्या असत. युटा, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको, आल्बर्टा इथला बराचसा कोळसा त्या काठाचा आहे. पुस्तकांतली उदाहरणं बहुधा तिथलीच असतात. वाचताना ती नावं लक्षात असू द्या, नकाशा मात्र आपलाच धरू.

पायरी १ : एक तुकडा हातात घ्या

इस्त्रीवाल्याकडचा कोळसा चालणार नाही, तो लाकडी. कोळशाच्या वखारीतून किंवा लोहाराकडून दगडी कोळशाचा मुठीएवढा तुकडा मागून आणा. तो क्रिटेशसचा नसेल, बहुधा गोंडवनाचाच असेल. त्याने काही बिघडत नाही.

तुकडा उन्हात धरून कडेने बघा. तो सरसकट काळा नसतो, त्यात पट्टे असतात. काही पट्टे काचेसारखे चमकतात आणि नखाने टोकरलं तर त्यांचे चौकोनी कपचे निघतात. ते व्हिट्रेन, म्हणजे मूळचं लाकूड आणि साल. काही पट्टे निस्तेज, कठीण आणि दाणेदार असतात. ते ड्युरेन, त्यात परागकण, बीजाणू आणि थोडा बारीक गाळ मिसळलेला असतो. तिसरा प्रकार शोधायला वेळ लागतो: रेशमासारखी मंद झाक असलेला, भुसभुशीत, बोट लावताच बोट काळं करणारा. हा फ्युसेन. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वणव्यात जळलेल्या लाकडाचा हा कोळसा, म्हणजे दगडी कोळशाच्या पोटातला लाकडी कोळसा. कोळसा धरल्यावर हात काळे होतात त्यात या पट्ट्याचा वाटा मोठा. क्रिटेशस कोळशात असा जळका भाग भरपूर सापडतो, त्यावरून त्या काळात वणवे वारंवार लागत असं मानतात.

आता तुकड्याच्या आरपार गेलेल्या उभ्या, सरळ भेगा पाहा. त्या पट्ट्यांना काटकोनात असतात. त्यांना क्लीट म्हणतात. डोंगरात कोळशाचा थर दुरूनही ठोकळ्यांसारखा फुटलेला दिसतो तो या भेगांमुळे.

पायरी २ : जीपीओची भिंत

सीएसएमटीला उतरा आणि शेजारच्या जनरल पोस्ट ऑफिसकडे चला. जॉन बेग यांच्या आराखड्यावरून ही इमारत १९१३ मध्ये पूर्ण झाली. मुख्य दगड काळा बेसॉल्ट, आपल्या घरचा. पिवळसर दगड कुर्ल्याचा. आणि पांढरट दगड? तो सौराष्ट्रातल्या ध्रांगध्र्याचा वालुकाश्म. त्या भागातले हे वालुकाश्म क्रिटेशसच्या आरंभीच्या सुमाराचे मानले जातात आणि त्याच थरांच्या मालिकेत वनस्पतींचे जीवाश्म, काळे कार्बनयुक्त शेल (चिखल दबून झालेला पापुद्र्यांचा खडक) आणि थानगढची सिरॅमिकची प्रसिद्ध माती येते. कोळसा असणाऱ्या क्रिटेशस थरांचा एक नातेवाईक शंभरहून जास्त वर्षं फोर्टात उभा आहे, आणि मुंबईकर त्याच्यासमोरून रोज लोकल पकडायला धावतो.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन पांढऱ्या दगडाजवळ जा. दाणे दिसतात का, सगळे एका मापाचे आहेत का, गोलसर आहेत की कोनदार, एवढंच टिपा. दाणे जितके एकसारखे, तितकं पाण्याने किंवा वाऱ्याने ते नीट निवडलेले. कुठे एकाच दिशेला झुकलेल्या बारीक रेषा दिसल्या तर त्या वहीत काढून घ्या. वाहत्या पाण्याने वाळूचे उंचवटे पुढे ढकलले की अशा रेषा उरतात आणि त्या ज्या दिशेला उतरतात तिकडे प्रवाह जात होता. मग दोन पावलं सरकून बेसॉल्टला भिंग लावा. तिथे सुटे दाणे नाहीत, एकमेकांत गुंतलेले स्फटिक आहेत. गाळाचा खडक आणि अग्निज खडक यांतला हा फरक पुस्तकाच्या दहा पानांपेक्षा इथे पाच मिनिटांत कळतो.

हातोडी आणि ॲसिड घरी ठेवा. ही वारसा इमारत आहे.

पायरी ३ : गोराईला आडवं चाला, म्हणजे उभा खडक कळेल

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, तेव्हा तिला अख्खा दिवस द्या. ओहोटीची वेळ पाहून गोराईच्या किनाऱ्यावर जा आणि समुद्राकडून खाडीकडे, म्हणजे पूर्वेकडे चालत या. आधी लाटांनी धुतलेली वाळू आणि शिंपल्यांचा चुरा. मग कोरडी, वाऱ्याने उडवलेली वाळू. तिच्या आडोशाला शेतं आणि वस्ती. आणि शेवटी मनोरीच्या खाडीकाठचं खाजण: काळा चिखल, तिवरं, मातीतून वर आलेली श्वसनमुळं आणि कुजल्या अंड्यासारखा वास.

आता अशी कल्पना करा की हे सगळे पट्टे हजारो वर्षांत हळूहळू समुद्राकडे सरकले. किनारा पुढे गेला, त्याच्या मागोमाग खाजणही पुढे गेलं. एका ठिकाणी उभी विहीर खणली तर काय लागेल? तळाशी समुद्राचा चिखल, त्यावर किनाऱ्याची वाळू, त्यावर खाजणाचा काळा थर, त्यावर नदीचा गाळ. जमिनीवर जे शेजारी शेजारी असतं तेच खडकात एकावर एक येतं. योहानेस वाल्थर या जर्मन भूवैज्ञानिकाने १८९४ मध्ये हा नियम मांडला. अट एकच: मध्ये खंड पडलेला नको. युटातल्या बुक क्लिफ्सच्या कड्यांत, सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वीच्या ब्लॅकहॉक थरांत हीच उतरंड पुन्हा पुन्हा रचलेली दिसते: खाली समुद्री शेल, वर किनाऱ्याचा वालुकाश्म, त्याच्या पाठीवर कोळसा. मग समुद्र परत येतो आणि सगळं नव्याने सुरू होतं.

चिखलाच्या त्या वासाचंही काम आहे. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं. प्राणवायू नसलेल्या चिखलातले जिवाणू त्यातून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. त्याची लोहाशी गाठ पडली की पुढे पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, तयार होतं. म्हणून ज्या कोळशावर समुद्राचं पाणी आलं त्यात गंधक जास्त, आणि जो गोड्या पाण्यात राहिला त्यात बहुधा कमी. छत समुद्री आहे की नदीचं, हे प्रयोगशाळेत कोळसा जाळल्यावरही कळतं ते यामुळे.

एक सावधगिरी. तिवरं बघून 'क्रिटेशसची दलदल अशीच असेल' असं म्हणू नका. आजची तिवरांची जंगलं मुख्यतः क्रिटेशसनंतर फोफावली. क्रिटेशसच्या दलदलीत शंकुधारी वृक्ष, नेचे, सायकडसारखी दिसणारी बेनेटाइट झाडं होती आणि फुलझाडं उत्तरार्धात हळूहळू वाढत गेली. गोराईतून घ्यायचं ते पट्ट्यांचा क्रम. झाडांची नावं घ्यायची नाहीत.

प्रिन्सेस डॉकखालचं जंगल

तळ आणि छत म्हणजे काय, याचा सगळ्यात चांगला धडा मुंबईतच मिळाला होता. १८८० मध्ये सुरू झालेल्या प्रिन्सेस डॉकसाठी खोदकाम चालू असताना भरतीच्या पातळीच्या बऱ्याच खाली शेकडो झाडांचे बुंधे लागले. त्यातले कितीतरी मुळांसकट उभे होते. झाडं खैराची. मुळं रुतलेली होती ती कातळ कुजून झालेल्या मातीत, आणि वरून निळसर चिकणमातीचा जाड थर.

आता कोळशाच्या थरासारखंच हे वाचा. तळ: कातळाची माती, म्हणजे इथे कोरडी जमीन होती. मध्ये: जंगल. छत: खाडीची चिकणमाती, म्हणजे जमिनीच्या मानाने समुद्र वर आला आणि जंगल बुडालं. तीन ओळींत एका किनाऱ्याचा इतिहास.

मग इथे कोळशाची सुरुवात का दिसत नाही? कारण झाडं असली की कोळसा होतो, हा समजच चुकीचा आहे. खैर कोरड्या जमिनीवर वाढतो, तिथे पडलेला पाला वाळवी आणि बुरशी खाऊन टाकतात. कोळशाला आधी पीट, म्हणजे पाण्यात अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा थर, लागतं, आणि पीट साचायला जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत पाणी तुंबून राहावं लागतं, तेही हजारो वर्षं. शिवाय नदीने तिथे फार गाळ टाकता कामा नये, नाहीतर काळी माती होते, कोळसा नाही. उष्ण प्रदेशात पीट ढोबळमानाने वर्षाला मिलिमीटरभर चढतं आणि दबून कोळसा होताना अनेक पटींनी आक्रसतं. मीटरभर कोळसा म्हणजे कित्येक हजार वर्षं ना फार बुडालेली ना कधी वाळलेली दलदल. जमीन जितकी खचते तितकंच पीट वर चढतं, अशी ती कसरत असते.

याची दुसरी बाजू विदर्भात दिसते. नागपूर, चंद्रपूर भागातले लॅमेटा थर क्रिटेशसच्या शेवटाचे आहेत, त्यांत डायनासोरांचे अवशेष सापडतात, पण कोळसा नाही. तिथे मातीत चुनखडीचे गोळे आणि थर आहेत, जे कोरड्या-अर्धकोरड्या हवेत तयार होतात. काळ तोच, पाणी नाही, म्हणून कोळसाही नाही.

पायरी ४ : तळाची आणि छताची ओळख

तळ बहुधा फिकट करडा, मऊ, आडवे पापुद्रे नसलेला असतो. पापुद्रे नसतात कारण मुळांनी ते विस्कटलेले असतात. भिंगातून बघितलं तर केसाएवढ्या काळ्या, खाली फाटे फुटत गेलेल्या रेषा दिसतात. ती मुळं. ती उभी जात असतील तर झाडं इथेच वाढली. नुसते आडवे पडलेले काळे तुकडे असतील तर ते पाण्याने वाहून आणलेले. दलदलीचं आम्लयुक्त पाणी खालच्या मातीतला चुना, सोडियम, पोटॅशियम धुऊन नेतं आणि मागे केओलिनयुक्त माती उरते. कित्येक ठिकाणी हीच माती भट्टीच्या विटांसाठी आणि सिरॅमिकसाठी खणतात. थानगढच्या मातीचा उल्लेख वर केला तो उगाच नव्हे: कोळशाचे थर आणि अशी माती एकमेकांच्या आसपास सापडण्याची शक्यता बरीच.

छताचे ढोबळ चार प्रकार लक्षात ठेवा. समुद्री शिंपले असलेलं शेल: समुद्र आला. पानांचे ठसे असलेलं बारीक शेल: पुराचं किंवा तळ्याचं शांत पाणी आलं. खालचा कोळसा खरवडून त्यात बसलेला वालुकाश्म: नदीने पात्र बदललं, आणि इथे थराचा काही भाग वाहून गेला असणार. चौथा प्रकार छतापेक्षा कोळशाच्या आतच जास्त सापडतो: बोटभर जाडीचा, फिकट, दूरवर न तुटता जाणारा चिकणमातीचा पट्टा. ही बहुधा ज्वालामुखीची राख. तिच्यातल्या झिरकॉनच्या स्फटिकांवरून कोळशाचं वय काढता येतं, म्हणून नमुन्यासाठी पहिली नजर तिच्यावर.

दिसायला असाच, पण राखेचा नसलेला एक पट्टा जगप्रसिद्ध आहे. न्यू मेक्सिकोतल्या रॅटन खोऱ्यात, कोळसा असलेल्या थरांत, १९८१ मध्ये चिकणमातीचा एक पातळ पट्टा सापडला, ज्यात इरिडियम (पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, उल्कांत जास्त असणारा धातू) नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आहे. क्रिटेशस तिथे संपतो. त्याच्या लगेच वर नेच्यांचे बीजाणू एकदम वाढलेले दिसतात: जंगल उद्ध्वस्त झालं आणि उघड्या जमिनीवर सगळ्यात आधी नेचे उगवले.

आता वहीत सराव करा. खालचा स्तंभ माझा बनवलेला आहे, तळापासून वर वाचायचा:

० ते ३ मी. : गडद करडं शेल, समुद्री शिंपले
३ ते ७ मी. : वालुकाश्म, दाणे वर जाडे होत गेलेले
७ ते ७.६ मी. : फिकट माती, उभी मुळं
७.६ ते ८.४ मी. : कोळसा, मध्ये ३ सें.मी. फिकट पट्टा
८.४ ते ११ मी. : गडद शेल, पुन्हा शिंपले

वाचून बघा: समुद्र, मग किनारा, मग जमीन, मग दलदल, तिच्यावर एकदा राख पडली असावी, आणि शेवटी पुन्हा समुद्र. कोळशात गंधक जास्त निघेल असा अंदाजही बांधता येतो, छत समुद्री आहे म्हणून. वर्णन आणि अर्थ मात्र वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. 'दलदल' हा अर्थ आहे, 'काळा, हलका, चौकोनी फुटणारा' हे वर्णन. अर्थ पुढे बदलू शकतो.

पायरी ५ : वरळीच्या बेडकांचा धडा

मुंबईतही दोन लाव्हांच्या मध्ये गाळाचे पातळ थर आहेत. वरळी आणि मलबार हिलच्या भागात ते एकोणिसाव्या शतकातच माहीत होते. डॉ. लीथ यांना मिळालेलं कासव आणि चिमुकल्या बेडकांचे सांगाडे इथले. बेडकाचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केलं आणि कार्टर यांनी १८५२ मध्ये मुंबई बेटाच्या भूशास्त्रावर सविस्तर लिहिलं. हे थर गोड्या पाण्याच्या तळ्यांचे, आणि क्रिटेशस संपल्यानंतर लवकरच साचलेले.

बहुतेक उघडे भाग आता इमारतींखाली गेले आहेत. पण कुठे पायाच्या खोदकामात, जोगेश्वरी-आंबोलीच्या बाजूला वगैरे, दोन कातळांच्या मध्ये काळपट पापुद्र्यांचा थर दिसला आणि कुणी 'कोळसा!' म्हणालं, तर हे तपासा. पातळ पत्र्यांसारखा सुटतो का? न झिलई दिलेल्या फरशीवर घासला तर करडी-तपकिरी रेघ येते का? हातात जड लागतो का? तिन्ही उत्तरं 'हो' असतील तर ते कार्बनयुक्त शेल आहे. कोळसा हलका असतो, त्याची रेघ काळी किंवा गडद तपकिरी येते, आणि जळून राख थोडी उरते. बांधकामाच्या खड्ड्यात मात्र परवानगी आणि हेल्मेटशिवाय उतरू नका.

पायरी ६ : नकाशा, मग कच्छ

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ मध्ये सुरू झालं ते मुळात कोळशाच्या शोधासाठी. दोन वर्षांनी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, त्यावरून कोळशाची निकड लक्षात येईल. आज त्यांचे नकाशे 'भूकोश' संकेतस्थळावर फुकट बघता येतात. कच्छ उघडा आणि भुज फॉर्मेशन शोधा (फॉर्मेशन म्हणजे नकाशावर एका नावाने दाखवलेला थरांचा गट). नकाशाच्या सूचीत सगळ्यात तरुण खडक वर असतो.

भुज फॉर्मेशन आरंभीच्या क्रिटेशसचं, मुख्यतः वालुकाश्माचं. त्यात टिलोफायलमसारख्या बेनेटाइट झाडांच्या पानांचे ठसे, काळं शेल आणि कोळशाचे पातळ पट्टे सापडतात. लखपत तालुक्यातलं गुनेरी त्यासाठी ओळखलं जातं. मधल्या उकरा थरांत हिरवट ग्लॉकोनाइट आहे, जे समुद्रात तयार होतं. म्हणजे नदी, दलदल आणि समुद्र एकाच फॉर्मेशनमध्ये. कोळसा खाणीच्या कामाचा नाही, शिकायला मात्र पुरेसा.

वांद्रे टर्मिनसहून भुजला थेट गाडी आहे. डिसेंबर-जानेवारी निवडा. लखपत सीमेलगतचा तालुका आहे, ओळखपत्र जवळ ठेवा, गावात आणि पोलिसांना आधी सांगा, ड्रोन नेऊ नका. गुनेरीजवळ समुद्रापासून आत असलेलं तिवरांचं वन जैवविविधता वारसा स्थळ आहे, तिथून काहीही उचलायचं नाही.

उघड्यावर पडलेला कोळशाचा थर चकचकीत दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. तो भुसभुशीत, काळपट-तपकिरी धूळ होऊन उतारावर पसरलेला असतो. अंगावर पिवळी पूड आणि जिप्समचे काचेसारखे चकचकीत स्फटिक असतील तर आतलं पायराइट गंजलं आहे असं समजा. फावड्याने हातभर खणून ताजा भाग उघडा, मगच जाडी मोजा. मोजायला सुरुवात कोळशाखाली दोन-तीन मीटरवरून करा आणि वर तितकंच जाऊन थांबा. ओढ्याच्या कड्याखाली उभं राहून खणू नका, मऊ तळाच्या मातीवरचा वालुकाश्म कोसळतो.

नमुना तीन ठिकाणचा: तळ, कोळसा, छत. प्रत्येकी मूठभर पुरे. कोळसा लगेच प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, वाळला की तो तडकतो. पिशवीवर जागा, तारीख, तळापासूनची उंची आणि 'वर'ची दिशा दाखवणारा बाण, हे चारही जागेवरच लिहा. मुक्कामावर जाऊन लिहू म्हटलं की तिन्ही पिशव्या एकसारख्याच काळ्या दिसतात.